मांडणीशिल्पात स्थानिक रानफुले : शहरी जीवांना खरोखर उपयोगी पडेल अशी रचना कशी करावी?

मातीवेल (धागालेखिका)

एका सार्वजनिक मोकळ्या जागेत कायमस्वरूपी मांडणीशिल्प उभारण्याचे काम आमच्या लहानशा गटाकडे आले आहे. जागा दोन उंच इमारतींच्या मधली, लांबट आणि अरुंद आहे. दिवसाचे सहा तास तरी तिथे थेट ऊन येते आणि जमिनीत मुख्यतः जुन्या बांधकामाचा चुरा आहे. प्राथमिक आराखड्यात गंजाचा थर मुद्दाम राखलेल्या पोलादी पत्र्याच्या एकामागून एक लाटा आहेत. त्यांच्या खोलगट भागांत माती भरून परिसरातली मूळची रानफुले लावायची, कडांमध्ये एकल (म्हणजे पोळे न करता एकेकट्या घरटे करणाऱ्या) मधमाश्यांसाठी नळ्या बसवायच्या, पक्ष्यांसाठी पाण्याची सोय करायची आणि रात्री लाटांच्या आतून प्रकाश सोडायचा, असा विचार आहे.

फुले ही शिल्पाची सजावट होऊ नयेत आणि शिल्प हे फुलांचे दिमाखदार कुंपण होऊ नये, एवढे आमच्या मनात पक्के आहे. माती कोणती असावी, बी कोठून आणावे, नळ्या कशा असाव्यात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते जीव आले की नाही हे कसे ताडून पाहावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रानवही

मातीपासून सुरुवात करतो, कारण अशा प्रकल्पांचे पुढे काय होणार हे बहुधा तिथेच ठरते. उघड्या माळावरची, कातळाच्या कडेची किंवा रस्त्यालगतची रानफुले बहुतांशी हलक्या, निचऱ्याच्या आणि कमी पोषण असलेल्या जमिनीत वाढलेली असतात. त्यांना सुपीक पोयटा आणि भरपूर खत दिले, तर त्याचा पहिला लाभ जोमदार गवते आणि तणे घेतात आणि एक-दोन हंगामांत फुलझाडे त्यांच्याखाली झाकली जातात. म्हणून जो चुरा कंत्राटदार पहिल्याच दिवशी उचलून न्यायला निघेल, तोच तुमच्या उपयोगाचा आहे. विटांचा आणि काँक्रीटचा चुरा चाळून, त्यात वाळू आणि अगदी थोडी माती मिसळली, तर रानफुलांना मानवणारे आणि तणांना न मानवणारे माध्यम तयार होते. मात्र दोन गोष्टी आधी पाहा. काँक्रीटमधल्या चुन्यामुळे हे मिश्रण अल्कधर्मी होते, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीतल्या जाती त्यात टिकत नाहीत. शिवाय जुन्या इमारतींच्या चुऱ्यात शिसे किंवा ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून प्रयोगशाळेत तपासणी करून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पेरणीपूर्वी वाफा एकदा भिजवून ठेवावा, जे तण उगवेल ते काढून टाकावे आणि शक्य असल्यास हेच पुन्हा करावे. रानफुलांचे बी फार बारीक असते, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळावे. अर्धे मिश्रण उभे आणि अर्धे आडवे फेकले म्हणजे पेर सारखी पडते. वाळूच्या फिक्या रंगामुळे कुठे पडले आणि कुठे राहिले हेही दिसते. त्यानंतर माती लोटू नये. फळी ठेवून तिच्यावर उभे राहावे, इतका दाब पुरतो. अनेक बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो आणि त्या खोल गाडल्या तर रुजतच नाहीत. मातीत बी कालवून वळलेले बीजगोळे फेकण्याचा समारंभ छायाचित्रांत शोभून दिसतो, परंतु तयार केलेल्या वाफ्यात त्याला काही अर्थ नाही: एकाच गोळ्यातली दहा-बारा रोपे एकमेकांच्याच उरावर उगवतात.

बी जवळच्या नैसर्गिक वस्तीतूनच घ्यावे, कारण एकाच जातीची दूरवरची झाडेदेखील फुलण्याच्या वेळेत आणि दुष्काळ सोसण्याच्या ताकदीत वेगळी असू शकतात. जागामालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी घ्यावी. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, हा बीसंकलनातला सर्वमान्य संकेत आहे. विकतच्या 'रानफुलांच्या मिश्रणा'वर वनस्पतींची शास्त्रीय नावे छापलेली नसतील, तर ते पाकीट घेऊच नये.

निळी_दुपार

या चर्चेत एक विरोधी सूर लावते. स्थानिकतेचा एवढा आग्रह कशासाठी? टणटणी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, तरी तिच्यावर फुलपाखरांचे थवे दिसतात. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसवर मधमाश्या असतातच. लंडनच्या 'टॉवर' या जुन्या किल्ल्याभोवतीच्या खंदकात २०२२ मध्ये दोन कोटींहून अधिक बिया पेरून जो फुलोरा उभा केला गेला, त्यात केवळ स्थानिक जातींचे बंधन नव्हते आणि तरीही तिथे कीटक आले. शहर हा मुळातच माणसाने घडवलेला अधिवास आहे; तिथे मूळचे आणि उपरे यांची इतकी काटेकोर विभागणी करणे मला भावनिक वाटते.

रानवही

निळी_दुपार, तुमची निरीक्षणे खरी आहेत, पण ती फुलपाखराच्या आयुष्याच्या एकाच टप्प्याविषयी आहेत. प्रौढ फुलपाखरू मकरंदासाठी अनेक फुलांवर जाते, सुरवंट मात्र बहुधा मोजक्याच वनस्पतींची पाने खाऊ शकतो, कारण पानांतली विषारी रसायने पचवण्याची क्षमता त्या त्या जातीत दीर्घकाळाच्या सहवासातून आलेली असते. उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचे सुरवंट रुईकुळातल्या मिल्कवीडवरच वाढतात. बाकी हजार फुले फुलवली तरी मिल्कवीडविना मोनार्कची पुढची पिढी तयार होणार नाही. टणटणीवर दिसणारा थवा जेवायला आलेला असतो. त्याने अंडी कुठे घालायची हा प्रश्न तसाच राहतो, आणि टणटणी पसरत जाते तेव्हा अंडी घालण्याच्या वनस्पतींचीच जागा ती घेते.

'जवळपास तीच' वनस्पती लावल्यानेही काय होते, याचे उदाहरण मिल्कवीडमध्येच सापडते. आपण जिला हळदीकुंकू म्हणतो ती उष्ण कटिबंधातली मिल्कवीड अमेरिकेच्या दक्षिण भागात हौसेने लावली गेली. मोनार्कचे सुरवंट ती आवडीने खातात. परंतु तिथली मूळची मिल्कवीड हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि ही सौम्य हिवाळ्यात हिरवीच राहते. मोनार्कला एका सूक्ष्म परजीवीची बाधा होते आणि त्याचे बीजाणू बाधित फुलपाखरांच्या अंगावरून पानांवर झडतात. झाड वाळले की ते पानांबरोबर नाहीसे होतात. वाळलेच नाही, तर साचत राहतात आणि पुढच्या सुरवंटांच्या पोटात जातात. खाद्यवनस्पती मिळाली आणि तिच्यातूनच रोग मिळाला, असा हा प्रकार आहे.

म्हणून प्रत्येक परदेशी फूल उपटून टाका असे मी म्हणत नाही. तुमच्या खंदकाच्या उदाहरणातला हेतू एका हंगामाचा मोठा फुलोरा हा होता आणि त्या हेतूला तो निवड-निकष साजेसा आहे. इथे कायमस्वरूपी शिल्पाची गोष्ट चालली आहे. त्यात मकरंदाची फुले, सुरवंटांची खाद्यवनस्पती आणि मूळची गवते ही तिन्ही हवीत. गवते बहुधा विसरली जातात, पण फुलपाखरांच्या कितीतरी जातींचे सुरवंट गवतावरच वाढतात.

निळी_दुपार

सुरवंटाचा मुद्दा मान्य आहे. मग आराखड्यात कुरतडलेली पानेही गृहीत धरावी लागतील आणि ती पाहून कोणी फवारणी करणार नाही, याची लेखी तजवीज करावी लागेल.

नळीकाम

मातीवेल, नळ्यांविषयी लिहिण्याआधी एक सांगतो. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत, त्यांपैकी बहुतेक एकल आहेत आणि त्यांतल्याही बहुतेक जमिनीत बिळे करून राहतात. म्हणजे तुमच्या शिल्पातला सर्वांत मोलाचा भाग नळ्यांचा नसून उघड्या, न तुडवलेल्या, उन्हाकडे कललेल्या मातीचा आहे. लाटांचा उतार तुमच्याकडे आयता आहे. त्यातला काही भाग वनस्पतींशिवाय, घट्ट दाबलेल्या वाळूमिश्रित मातीचा ठेवा आणि त्यावर लाकडाचा भुसा किंवा खडी पसरू नका.

आता नळ्या. नळीत काय घडते हे समजले की तिची मापे आपोआप कळतात. मादी नळीच्या तळाशी परागकण आणि मकरंद यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, चिखलाची किंवा पानाच्या तुकड्यांची भिंत घालून ती खोली बंद करते आणि पुढची खोली सुरू करते. शेवटी तोंड लिंपून टाकते. आतल्या बाजूच्या खोल्यांत फलित अंडी असतात, त्यांतून माद्या निघतात. तोंडाजवळच्या खोल्यांत अफलित अंडी असतात, त्यांतून नर निघतात आणि ते आधी बाहेर पडतात. नळी आखूड असेल तर नरांचेच प्रमाण वाढते. म्हणून लांबी साधारण १५ सेंटिमीटर असावी, मागचे तोंड बंद असावे, आणि व्यास सगळ्या नळ्यांचा एकच न ठेवता ३ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान वेगवेगळा ठेवावा. तोंडाच्या कडेला कूस राहिली की पंख फाटतात. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या दिसायला आकर्षक असतात, पण त्यांत ओल साचते आणि परागगोळ्याला बुरशी येते. पोकळ बोरू किंवा कागदी नळ्या वापराव्यात, वर छपराची पडवी असावी आणि तोंडे सकाळच्या उन्हाकडे असावीत.

शिल्पकारांना मोह असतो तो भिंतभर नळ्यांचा. तो आवरावा. निसर्गात अशी घरटी विखुरलेली असतात. शेकडो नळ्या एका ठिकाणी आल्या की परजीवी माश्या, माइट (कोळ्यांच्या वर्गातले सूक्ष्म जीव) आणि बुरशी यांचेही तिथेच फावते. टोरांटोत सुमारे ६०० कृत्रिम घरट्यांचे तीन वर्षे निरीक्षण करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की त्यांत राहिलेल्या मधमाश्यांपैकी जवळजवळ निम्म्या बाहेरून आलेल्या जातींच्या होत्या आणि स्थानिक गांधीलमाश्यांची संख्या स्थानिक मधमाश्यांपेक्षाही अधिक होती. गांधीलमाश्यांचे मला वावडे नाही, त्याही शिकारी म्हणून उपयोगी आहेत. पण फलकावर 'मधमाश्यांचे संवर्धन' असे कोरण्यापूर्वी हे माहीत असावे. नळ्यांचे लहान लहान जुडगे लाटांमध्ये अंतराने बसवा. ते सुटे काढता येतील अशी खाच ठेवा आणि पिल्ले बाहेर पडून गेल्यावर जुन्या नळ्या बदला.

लोखंडकाम

धातूविषयी थोडक्यात. तुम्ही म्हणता त्या पोलादाचा गंज आलटून पालटून ओले आणि कोरडे झाल्यावर स्थिरावतो. सतत ओल्या मातीला टेकलेला भाग मात्र झिजतच राहतो, शिवाय दुपारच्या उन्हात पत्रा इतका तापतो की कडेची मुळे भाजतात. त्यामुळे माती थेट पत्र्यात भरू नका. आत वेगळी पेटी करा आणि दोहोंमध्ये हवेची पोकळी व पाण्याला वाट ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा तांब्याच्या पृष्ठभागावरून वाहून आलेले पाणी झाडांना आणि विशेषतः पाणवठ्याला बाधक ठरते, म्हणून त्याचा निचरा अन्यत्र न्या. रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड घरट्यांच्या जवळपास नको.

आरशासारखे घासलेले पोलाद कृपया टाळा. त्यात आकाश आणि झाडे दिसतात आणि पक्षी त्यावर आदळतात. काच वापरणे अपरिहार्य असेल, तर तिच्या बाहेरच्या बाजूला ५-५ सेंटिमीटर अंतरावर ठिपके असावेत. पाणवठ्याची कड उतरती, खरबरीत आणि जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोल असावी, मध्ये उभे राहायला दगड असावेत. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलले तर डासांच्या अळ्यांना वाढायला वेळच मिळत नाही.

अंधारवाट

आतून येणाऱ्या प्रकाशाचा भाग आराखड्यातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री परागीभवन करणारे पतंग आणि भुंगे आपल्या डोळ्यांसमोर नसतात, म्हणून त्यांचा विचार सहसा होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांत रस्त्यावरच्यासारखे दिवे लावून केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिव्याखालच्या फुलांना रात्री भेट देणाऱ्या कीटकांच्या फेऱ्या अंधारातल्या फुलांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्या, आणि ज्या एका वनस्पतीची फलधारणा मोजली ती १३ टक्क्यांनी कमी भरली, दिवसा येणारे कीटक नेहमीप्रमाणे येत असूनही. ज्यांच्यासाठी फुले लावायची त्यांनाच दिवा लावून परतवायचे, हे शिल्पाच्या हेतूशी विसंगत आहे.

सुरक्षिततेसाठी वाटेवर दिवा लागणारच असेल, तर तो गुडघ्याच्या उंचीवर, झाकलेला, फक्त जमिनीकडे वळलेला, पिवळट छटेचा आणि हालचाल झाल्यावरच लागणारा असावा. फुलांवर त्याचा झोत पडता कामा नये.

मातीवेल

प्रकाशाचा भाग रद्द केला आहे. पत्र्याच्या आत वेगळ्या पेट्यांची रचना अभियंत्यांपुढे ठेवली आहे.

आता आमची खरी अडचण सांगते. जागेच्या व्यवस्थापनाचे म्हणणे आहे की उद्घाटनाच्या दिवशी सर्वत्र फुले हवीत आणि हंगाम संपल्यावर वाळलेल्या काड्या लगेच काढाव्यात, कारण त्या 'दुर्लक्षित' दिसतात. उघड्या मातीचा उतार तर त्यांना अपूर्ण कामच वाटेल. यावर काय सांगावे?

चौकट

मला वाटते कलेचे काम नेमके इथे सुरू होते. धाग्यात आतापर्यंत आलेल्या उपयोगी गोष्टींची यादी पाहा: चुऱ्याची जमीन, कुरतडलेली पाने, उघडी माती, वाळलेल्या काड्या, अंधार. शहरातला माणूस या सगळ्यांना आळस किंवा गैरव्यवस्था समजतो. त्यांना हेतुपूर्वक केलेली रचना म्हणून डोळ्यांसमोर आणणे हे उद्यानखात्याला जमणार नाही, शिल्पकाराला जमेल. भूदृश्यरचनेच्या अभ्यासक जोन नासाउअर यांनी १९९५ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी आहे: पर्यावरणदृष्ट्या समृद्ध जागा विस्कळीत दिसते आणि लोक तिला नाकारतात, पण तिच्याभोवती निगराणीची स्पष्ट खूण असेल, जसे की नीट कापलेली कड, सरळ वाट, रेखीव कुंपण, तर तोच विस्कळीतपणा लोक स्वीकारतात. तुमच्या पोलादी लाटांनी ती चौकट पुरवावी. पत्र्याची कड जितकी रेखीव, तितके आतल्या काड्यांना स्वातंत्र्य.

उघड्या मातीच्या उताराला दोन्ही बाजूंनी पत्र्याची धार द्या, चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि तो दालनातल्या चित्रासारखा प्रकाशाच्या दिशेने वळवा. बिळांची तोंडे, त्यांच्याभोवतीचे मातीचे बारीक कडे, आत-बाहेर करणाऱ्या माद्या हे सगळे तिथे दिसेल.

पूर्वीच्या कामांत या दृष्टीने पाहण्यासारखे बरेच आहे. लिन हल या अमेरिकन शिल्पकर्तीने वाळवंटी प्रदेशातल्या खडकांत अशा आकृती कोरल्या, की पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यांत साठून प्राण्यांना प्यायला मिळावे. आकृती आणि उपयोग तिथे वेगळे काढताच येत नाहीत. ॲलन सॉनफिस्ट यांनी १९६५ मध्ये कल्पिलेले आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष लावलेले काम हे युरोपीय वसाहतीपूर्वीच्या वनस्पतींचे शहरातले एक तुकडा-रान आहे. अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांच्या परागवाहकांसाठीच्या बागांत तर वनस्पतींची निवड आणि मांडणी संगणकीय सूत्र करते आणि ते सूत्र माणसाच्या आवडीपेक्षा जास्तीत जास्त जातींच्या परागवाहकांची सोय पाहते. याउलट वुल्फगँग बट्रेस यांचे, २०१५ च्या मिलानमधल्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेले आणि २०१६ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानात आलेले १७ मीटर उंचीचे ॲल्युमिनियमचे शिल्प पोळ्यातल्या मधमाश्यांच्या कंपनांनुसार उजळते आणि गुंजते. ते मला आवडते, पण ते मधमाश्यांविषयी बोलणारे शिल्प आहे. त्यांच्या पोटाची सोय करते ते त्याच्याभोवतीचे रानफुलांचे कुरण. तुम्ही कोणते काम करत आहात हे व्यवस्थापनाला आधीच सांगितलेले बरे.

रानवही

उद्घाटनाविषयी: बहुवर्षायू रानफुले पहिल्या वर्षी मुळे धरतात आणि वर फक्त पानांचे झुबके दिसतात. फुलोरा दुसऱ्या वर्षापासून येतो. दोन मार्ग आहेत. एक तर बहुवर्षायू जातींबरोबर स्थानिक वर्षायू जाती पेराव्यात, म्हणजे पहिल्या हंगामात रंग दिसेल. दुसरा, आणि मला अधिक पटणारा मार्ग म्हणजे उद्घाटन पेरणीच्या दिवशीच करावे आणि पाहुण्यांच्या हाती फीत कापण्याच्या कात्रीऐवजी वाळूत मिसळलेले बी द्यावे. नर्सरीतून फुललेली रोपे आणून त्या दिवसापुरती खोचण्याचा पर्याय कोणी सुचवलाच, तर त्या रोपांवर कोणते कीटकनाशक मारले आहे हे आधी विचारा. मुळांतून शोषले जाणारे कीटकनाशक परागकणांत आणि मकरंदातही उतरते.

काड्यांविषयी: सगळे एकाच वेळी कापू नये. दरवर्षी सुमारे एकतृतीयांश भाग जसाच्या तसा ठेवावा आणि उरलेल्यात ३० सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे खुंट राखावेत. पोकळ आणि गाभेदार खुंटांत लहान मधमाश्या घरटी करतात, वाळलेल्या बोंडांवर बी खाणारे पक्षी येतात आणि कोष काड्यांना चिकटलेले असतात. कापलेला पाला मात्र वाफ्यावर कुजू देऊ नये, तो उचलून न्यावा, नाहीतर त्यातूनच जमीन सुपीक होत जाते आणि गवते वरचढ ठरतात. हे सगळे देखभालीच्या करारात महिन्यांनुसार लिहून घ्या. 'आवश्यकतेनुसार स्वच्छता' असे मोघम वाक्य राहिले, तर कापणीयंत्र येते आणि एका सकाळीत सगळे भुईसपाट होते.

नळीकाम

जागेच्या आकाराविषयी एक पुरवणी. लहान एकल मधमाश्या घरट्यापासून काहीशे मीटरच्याच टापूत चारा शोधतात. तेव्हा पुढे निधी वाढला, तर हेच शिल्प मोठे करण्यापेक्षा त्याच वाटेवर दोन-अडीचशे मीटर अंतरावर दुसरा लहान तुकडा उभारावा. आणि संवर्धनाच्या नावाखाली शिल्पाशेजारी पाळीव मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याचा प्रस्ताव हमखास येईल; एका पेटीत हजारो माश्या असतात आणि अरुंद जागेतला मकरंद त्या एकल मधमाश्यांच्या आधीच संपवतील.

मातीवेल

तो प्रस्ताव येऊनही गेला आहे. आता आम्ही नकार कारणासहित कळवू. शेवटचा प्रश्न मोजणीचा आहे. आमच्यात कीटकतज्ज्ञ कोणी नाही.

अंधारवाट

तज्ज्ञ नसले तरी चालेल अशी पद्धत आहे. ब्रिटनच्या परागवाहक-नोंदणी योजनेत सामान्य नागरिक ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनातल्या एका ठरावीक फुलावर दहा मिनिटांत उतरलेले कीटक मोजतात. जात ओळखावी लागत नाही. मधमाशी, गांधीलमाशी, फुलमाशी, फुलपाखरू किंवा पतंग, भुंगा, मुंगी असे ढोबळ गट पुरतात. कोरड्या, फार वारा नसलेल्या दिवशी मोजावे, फुलाचे नाव, ऊन-सावली आणि वाऱ्याची नोंद करावी आणि एकही कीटक आला नाही तर शून्य लिहावे. शून्याच्या नोंदी गाळल्या की आकडे फुगतात. त्याच्या जोडीला उघड्या मातीतली बिळे, लिंपलेल्या नळ्या आणि कुरतडलेली पाने वेगळी मोजावीत. केवळ पोट भरायला येणारे आणि तिथे वाढणारे यांतला फरक या नोंदींतून कळेल.

मात्र ही मोजणी बांधकामाला हात लावण्यापूर्वीच, आजच्या चुऱ्यात जे काही उगवले आहे त्यावर सुरू करा आणि जवळच्या एखाद्या साध्या हिरवळीवरही तशीच चालू ठेवा. तुलनेला दुसरे काही नसेल, तर शिल्पानंतरच्या आकड्यांना अर्थ लावता येणार नाही. आणि त्या चुऱ्यात आधीच बिळे असतील, तर ती जागा दोरी बांधून वेगळी काढा आणि लाटांचा पाया तिथून सरकवा.